गोळ्याच्या आत गोळा

तुरीच्या शेंगा वाळल्या की खुळखुळतात. मार्गशीर्ष सरत आला, वाऱ्याची एखादी झुळूक आली, की सबंध शेत एकदम वाजतं आणि एकदम गप्प होतं. या आवाजावर कुणी कविता केल्याचं माझ्या वाचनात नाही. कवी बहुधा पावसाळा आटोपून तोवर घरी गेलेले असतात. हल्ली मी वाशीमला राहतो, पेन्शन घेतो आणि संध्याकाळी गावाबाहेरच्या पुलापर्यंत जाऊन परत येतो. पुलाच्या अलीकडे तुरीचं एक शेत आहे. या दिवसांत तिथे पोचलो की मी जरा थांबतो. काही दुखतं म्हणून नव्हे. लाकडाच्या पोटात लाकूड हललं की असाच आवाज होतो, म्हणून.

तो हिवाळा इथून जवळच्या मालेगावचा. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून बरीच वर्षं होती. मी तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो. त्याच साली भाद्रपदात माझी बायको माहेरी गेली आणि तिथेच विषमज्वरानं वारली. तार आली तेव्हा मी आधीच्या गावच्या शाळेत चौथीच्या मुलांना भागाकार शिकवत होतो. फळ्यावरचा भागाकार मी पूर्ण केला, मुलांकडून ताळा करून घेतला आणि मग सुट्टी दिली. पुढचं सगळं रीतसर झालं. फक्त मी रडलो नाही. लोक येत, समोर बसत, माझ्या तोंडाकडे पाहत, आणि मी त्यांच्यापुढे पानाचं तबक सरकवी. न रडणाऱ्या माणसाचं सांत्वन करणं फार अवघड असतं. थोड्याच दिवसांत ते कंटाळले. मी बदली मागितली आणि जिथे माझ्या रडण्याची कुणी वाट पाहत नव्हतं अशा गावी आलो.

शाळेसमोर गणपत खराद्याची पडवी होती. पाळण्यावर टांगायचे पोपट, खाटेचे खूर, लाटणी, भोवरे, कुंकवाचे करंडे, जे जे गोल म्हणून गावाला लागे ते त्या पडवीतून निघे. त्याची खराद म्हणजे जमिनीत रोवलेले दोन बुटके खांब, त्यांना समोरासमोर दोन लोखंडी टोकं आणि त्या टोकांमध्ये धरलेलं लाकूड. लाकडाला दोरीचे दोन वेढे, आणि दोरीची दोन्ही टोकं त्याच्या बायकोच्या, गोदाच्या हातात. ती उजवा हात ओढी, मग डावा. लाकूड एकदा इकडे फिरे, एकदा तिकडे. गणपत समोर बसून हत्यार टेकवी, तेही लाकूड आपल्याकडे फिरत असेल तेव्हाच. उलट फिरलं की उचलून घेई. दिवसभर हेच. मी तिथे जाऊन बसू लागलो याला कलेची आवड हे कारण नव्हतं. खराद चालू असताना बोलता येत नसे, हे कारण होतं.

पण दोरी थांबली की गोदा सुरू होई.

"मास्तर, तुमाले घरी काही काम नाई का वो?"

"नाही."

"मंग बसल्या बसल्या हे लाखेचे खडे निवडा. लाल इकडं, पिवळे तिकडं."

"त्यायले कायले सांगतं वं?" गणपत म्हणे. "शिकेल मानूस हाय."

"शिकेल मानसाले हात नसतेत का?"

मी खडे निवडी. कुणीतरी काही सांगावं आणि आपण ते करावं, यात त्या दिवसांत फार सोय होती.

शाळा सुटल्यावरची अशीच एक वेळ. गणपत पितळीत निखाऱ्यांवर लाख वितळवत होता. लाकूड खरादीवर चिकटवायला ती लागते. उजव्या हातानं तो लाख ढवळत होता आणि डावा हात पितळीच्या काठाशी नुसता पडला होता. मला वास आला.

"गणपत, काहीतरी जळतंय."

"लाख हाय मास्तर. तिचा वास तसाच राह्यते."

"लाखेचा नाही."

तेव्हा त्यानं खाली पाहिलं. करंगळी निखाऱ्याला टेकलेली होती. त्यानं ती उचलली आणि दुकानात एखादी वस्तू घ्यावी की नको म्हणून पाहावी तशी उलटसुलट करून पाहिली. चेहऱ्यावर काही नव्हतं. गोदा मात्र दोरी टाकून धावली.

"कितीक डाव सांगतलं, तो हात विस्तवाजौळ नेत नोका जाऊ म्हून!" मग माझ्याकडे वळून ती एकदम हळू झाली. "मास्तर, तुमी पाह्यलं ते पाह्यलं. कोनाले सांगजा नोका."

डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. पोळा झाला तेव्हापासून त्यांना काही कळत नव्हतं. मनगटाच्या वर एक फिकट चट्टा होता, त्यावर तो सदऱ्याची बाही ओढून घेई. रगतपिती, म्हणजे महारोग, हा शब्द त्या पडवीत कुणी उच्चारला नाही. उच्चारायची गरजही नव्हती. ज्याच्या घरी ती निघाली त्याला गाव शेताच्या बांधावर खोपडी करून देतं, आणि तो तिथे राहतो, हे तिघांनाही ठाऊक होतं. शिवाय गणपतच्या हातचे पोपट पाळण्यातली लेकरं तोंडात घालत. त्याच्या खुरांवर उभ्या खाटांवर गाव निजे. कळलं असतं तर घर गेलं असतं आणि खरादही गेली असती, एकाच दिवशी.

गोदानं सुई आणून त्याच्या बोटात किती वरपर्यंत कळत नाही ते पाहिलं. दुसऱ्या पेरापर्यंत. मी ते पाहत बसलो होतो, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटला. त्याच्या बधिरपणाला निदान हद्द होती.

याच सुमारास गावात साहेबांच्या स्वागताचं वारं सुरू झालं. संक्रांतीनंतर बैलबाजाराच्या पटांगणावर जनावरांचं प्रदर्शन भरायचं होतं आणि जिल्ह्याचे साहेब त्याला येणार होते. स्वागत मंडळाचे अध्यक्ष गावचे एक देशमुख होते. त्यांना रावसाहेब ही पदवी हवी होती. गाव त्यांना कधीचंच रावसाहेब म्हणत होतं, फक्त सरकारचं म्हणायचं राहिलं होतं. माझं अक्षर चांगलं म्हणून मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं.

देशमुखांनी नागपूरला कुण्या बंगल्यात हस्तिदंताचा एक गोळा पाहिला होता. त्याला भोकं, भोकांतून आत दिसणारा दुसरा गोळा, त्याच्या आत तिसरा, सगळे सुटे फिरणारे आणि कुठेही सांधा नाही. तसा एक लाकडाचा करवून साहेबांना नजर करायचा, असं त्यांनी ठरवलं. गणपतला शाळेत बोलावणं आलं.

"सात गोळे पाहिजेत गणप्या," देशमुख म्हणाले. "सगळ्यात बाहेर साम्राज्य. मग हिंदुस्थान, मग प्रांत, जिल्हा, तालुका, गाव आणि अगदी आत रयत. मास्तर, हे मानपत्रात नीट घाला."

गोळा एवढा हवा म्हणून देशमुखांनी एक कवठ आणलं होतं. गणपतनं ते त्यांच्या हातातून घेतलं, डोळ्यांपुढे धरलं, बोटांनी मापलं. उजव्या हाताच्या.

"सात नाई बसत मालक. लाकडाले बी काही अंग लागते. पाच करतो."

मग कोणते दोन कमी करायचे यावर मंडळाची बैठक झाली. साम्राज्य कमी करता येईना, जिल्हा कमी केला तर साहेब रागावतील, तालुका कमी केला तर तहसीलदार. शेवटी गाव आणि रयत गळाली. त्यावर फारसा वाद झाला नाही. परत येताना गणपत बराच वेळ विचार करत चालला होता.

"मास्तर, मंग आमी कुठी?"

"तू बाहेर. करणारा."

"अन् मालक?"

"ते तालुक्यात असावेत."

"म्हंजे लई आतमंदी गेले," तो म्हणाला. "तथी हत्यार जपून चालवा लागन."

त्या हिवाळ्याचं मला जे आठवतं ते तुकड्यातुकड्यानं. हळदूच्या लाकडाचा पिवळा भुसा. तो गोदाच्या केसांत, माझ्या धोतरावर, शाळेच्या हजेरीपटातसुद्धा. सकाळी कापूस वेचायला निघालेल्या बायांची रांग. उन्हात ठेवलेला गोळा, रोज अर्धा तास, जास्त नाही. गणपतनं आधी लाकूड चेंडूसारखं गोल केलं, एका लाकडी कटोरीत लाखेनं बसवलं आणि त्याला बारा बाजूंनी बारा भोकं पाडली. प्रत्येक भोक निमुळतं होत थेट मध्यापर्यंत. मग त्यानं वाकड्या टोकाच्या आकड्या घडवून आणल्या, एक लांब, एक तिच्याहून आखूड, एक अजून आखूड. लांब आकडी भोकातून आत घालून आडवी फिरवायची. प्रत्येक भोकातून तेवढ्याच खोलीवर. बारा बाजूंनी केलेले हे बारा काप आत अंधारात एकमेकांना भेटले की सगळ्यात आतला गोळा सुटतो. आधी आतला, मग त्याच्या बाहेरचा, असं बाहेर येत जायचं. सुटलेला गोळा हलू नये म्हणून उरलेल्या भोकांत खुंट्या ठोकायच्या.

आत काय चाललंय ते दिसत नाही. आकडी कुठवर गेली, भिंत किती पातळ उरली, हे हाताला कळावं लागतं. हत्याराचं टोक डाव्या हाताच्या बोटांवर टेकलेलं असतं, ती बोटं सांगतात. गणपतची बोटं सांगत नव्हती.

त्यानं ती अडचण कशी सोडवली हे मला पहिले आठ दिवस समजलंच नाही. मला वाटलं, दोघं भांडताहेत. तो आकडी घाली, गोदा दोरी ओढे आणि मधेच म्हणे, "धरलं." तो हात ढिला करी. "चालू द्या." मग, "हळू, हळू, अवो हळू म्हनलं ना!" मग, "बस." एकदा मी विचारलं, तुला न पाहता कसं कळतं?

"दोरीत येते ना," ती म्हणाली, जणू मी भाकर कशाची करतात असं विचारलं होतं. "लाकूड जाड असलं तं दोरी जड लागते. पातळ झालं का हलकी लागते, अन् थोडीशी कापते. एवढे साल ओढून राह्यली, मले नाई कळन तं कोनाले?"

म्हणजे आत काय आहे ते आकडीला कळे, आकडीकडून लाकडाला, लाकडाकडून दोरीला आणि दोरीतून तिला. तिच्याकडून शब्द निघे आणि गणपतचा हात थांबे. त्याच्या स्वतःच्या बोटांना वगळून बातमी सबंध पडवीला वळसा घालून त्याच्याकडे येई. अशा रीतीनं तीन गोळे सुटले. तिसरा सुटला तेव्हा गणपतनं खुंट्या काढून गोळा कानाशी धरून हलवला आणि मग माझ्या कानाशी धरला. वाळल्या तुरीसारखा आवाज आला. तो हसला. त्या हिवाळ्यात मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच.

"बापानं माह्या दोन केल्ते," तो म्हणाला. "दोनच. हात झडाच्या आंधी मले पाच करून पाह्याचे व्हते."

चौथ्या गोळ्याच्या वेळी गोदा घरी नव्हती. बहिणीच्या शेतातला कापूस वेचायचा राहिला होता म्हणून ती तीन दिवसांसाठी धनजला गेली होती. प्रदर्शन तोंडावर आलेलं. शनिवार होता, शाळा सकाळची. मी म्हणालो, दोरी मी ओढतो. गणपतनं माझ्याकडे पाहिलं आणि मास्तराला नाही म्हणायचं त्याला सुचलं नाही.

मी ओढली. उजवा, डावा, उजवा, डावा. सोपं होतं. इतकं सोपं की मी ओढतोय हे मी विसरलो. गणपत मधून मधून विचारी, "कसं वाटते मास्तर?" आणि मी म्हणे, "ठीक." मला खरोखर ठीकच वाटत होतं. गेले चार महिने कुणी काहीही विचारलं की मी तेच उत्तर देत होतो. मग आतून अगदी लहान आवाज झाला, करवंटी फुटल्यासारखा. गणपतनं आकडी बाहेर काढली. भोकातून भिंतीचा एक तुकडा भुशात पडला, त्यामागून दुसरा.

आम्ही दोघं त्या तुकड्यांकडे पाहत बसलो. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

गोदा आली, तिनं गोळा हातात घेतला, भोकातून आत बोट घातलं आणि आमच्याकडे पाहिलं.

"दोघं दोघं बसले व्हते ना अठी? एकाच्याबी हाताले कळलं नाई?"

तिनं दिवसभर खपून फुटक्या गोळ्याचे सगळे तुकडे भोकांतून काढून टाकले. आता उरलेले तीन आणि बाहेरचा एक. पाचाचे चार झाले. मानपत्र लिहून, सोनेरी कागदावर चिकटवून तयार होतं. त्यात साम्राज्यापासून तालुक्यापर्यंत पाच नावं होती. मी ते बदललं नाही. असल्या समारंभात कुणी मोजत नाही, हे मला अनुभवानं माहीत होतं.

कुणी मोजलं नाही. पटांगणावर केळीच्या खांबांची कमान होती, कागदी झेंडे होते, आणि मागे बांधलेले बैल मानपत्राच्या प्रत्येक वाक्याला शेपटी हलवून अनुमोदन देत होते. साहेब थकलेले वाटले. त्यांना बैल पाहायचे होते. पण गोळा हातात आला तसे ते जागे झाले. त्यांनी तो उन्हाकडे धरला, काडेपेटीतली काडी घालून आतले गोळे फिरवले, आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. देशमुखांनी गणपतला पुढे ढकललं. साहेबांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. गणपतनं दोन्ही हात जोडले. नमस्कारात डाव्या हाताची दोन बोटं सरळ झाली नाहीत.

साहेबांच्या बरोबर एक डॉक्टर होते. ते ती बोटं पाहत राहिले. मग माझ्याजवळ आले, कारण मानपत्र मी वाचलं होतं म्हणजे मला इंग्रजी येणार, आणि हळूच म्हणाले: या माणसाला रगतपितीची सुरुवात आहे. वेळ गेलेली नाही. दोन दिवसांच्या वाटेवर दवाखाना आहे, तिथे हल्ली तेलाची इंजेक्शनं देतात, बऱ्याच जणांचा रोग तिथे थांबला आहे. त्याला पाठवा.

देशमुख लगबगीनं आले. "काय म्हणतात मास्तर? काय म्हणतात?"

सगळं मंडळ कान देऊन उभं होतं. गणपतही.

"काम फार नाजूक आहे म्हणतात," मी म्हणालो.

मी तोवर मोठं खोटं बोललो नव्हतो. सोपं असतं. डॉक्टर माझ्याकडे विश्वासानं पाहत होते, त्यांना वाटलं मी निरोप दिला. देशमुख तृप्त झाले. त्या क्षणी मला वाटलं की मी गणपतला वाचवलं. चार पावलं चालल्यावर वाटलं की कदाचित मी त्याचा हात घालवला.

दिवे लागायच्या आत मी पडवीत जाऊन दोघांना जसंच्या तसं सांगितलं.

"तुमी बराबर केलं मास्तर," गणपत म्हणाला. "तथी सगळ्यायच्या मोरं सांगतलं असतं तं आज घर गेलं असतं."

"अन् आता?" गोदा म्हणाली. "इलाज हाय म्हनते ना तो डाक्टर?"

"गेलो तं गावाले कळतेच. मी तथी सुया टोचून घीन, अन् अठी तू खाशीन काय? खराद कोन चालवन?"

गोदानं खरादीकडे पाहिलं. बाईनं हत्यार धरल्याचं त्या भागात कुणी ऐकलं नव्हतं. बायका दोरी ओढत. हत्यार पुरुषाचं.

"धरून पाह्यतो मी," ती म्हणाली. "पाळण्यावरचा पोपट मले जमला का तुमी निंगा. तवर नोका जाऊ. पन जमला तं मंग थांबा बी नोका."

सबंध माघ असा गेला. गोदा हत्याराशी, मी दोरीशी, आणि गणपत मधे बसून शिव्या देतोय. "मानेपाशी काहून कापतं वं? त्याले डोकं ठेवाचं का नाई?" "तुमच्या पोपटाले तरी कुठी व्हतं!" पहिले पोपट वांग्यासारखे झाले. ते चुलीत गेले. पुढचे भोपळ्याच्या बियांसारखे. शाळा तपासायला आलेले अधिकारी एकदा रस्त्यावरून पाहून गेले आणि मास्तर दोरी का ओढतो आहे हे विचारायची त्यांना हिंमत झाली नाही. त्यांनी त्याबद्दल काही शेरा लिहिला असेल, तर तो मी अजून शोधतो आहे.

माघाच्या अखेरीस एका दुपारी मी ओढत होतो, कशाचाही विचार करत नव्हतो, आणि माझ्या तोंडून "बस" असा शब्द निघाला. गोदानं हत्यार उचललं. पोपटाची मान बरोबर तिथे आली होती जिथे ती यायला हवी. तिनं माझ्याकडे पाहिलं. दोरी कापली होती, अगदी थोडीशी, आणि ती मला कळली होती. यानंतर मी घरी जाऊन ढसाढसा रडलो असं कुणाला वाटेल. नाही रडलो. वांग्याची भाजी केली होती, तिच्यात मीठ जास्त झालं होतं, ते मला खाताना समजलं. आधी समजत नसे.

फाल्गुनात गणपत दवाखान्याला निघाला. गोदाचं म्हणणं, चोरून जायचं नाही. तेव्हा बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, छकड्यात बसून. छकडा बाजारातून जाताना कुणी विचारलं, कुठी चालला खरादी? गोदाच बोलली. "रगतपितीच्या दवाखान्यात. दोन बोटायले लागली हाय. बरा झाला का येते." ती शब्द दाबून बोलली नाही. आसपासच्या लोकांनी पोरं जवळ ओढली आणि छकड्याला वाट आपोआप मोकळी झाली.

दुसऱ्या दिवसापासून पडवीवर माझ्याखेरीज कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी घर सोडायला सांगावं अशी कुजबुज झाली. तेव्हा गोदाच्या मदतीला जो माणूस आला त्याची कुणी कल्पना केली नव्हती. देशमुख. गोळा साहेबांच्या टेबलावर होता आणि पदवीचा कागद अजून यायचा होता. रगतपितीच्या माणसाकडून करवून घेतलेली भेट आपण साहेबांच्या हातात दिली, हे गावभर होणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी पारावर बसून सांगितलं की गणप्याला वाताचा विकार आहे, बायकांना काय कळतं, आणि जो कुणी भलतं बोलेल त्याची गाठ माझ्याशी आहे. मी आयुष्यात बरेच मानसन्मान पाहिले. कुणाच्या उपयोगी पडलेला तेवढा एकच.

पुढे लग्नसराई आली. लग्नांनंतर बाळंतपणं आली. दुसरा खरादी वाशीमपर्यंत नव्हता. लोक रस्त्यावर, कुंपणापलीकडे उभे राहून सांगू लागले: चार खूर पायजेत, पाच पोपट पायजेत. शाळा सुटल्यावर मी दोरी ओढी, गोदा घडवी आणि ते कुंपणावर ठेवी. ते काठीनं ओढून घेत, घरी नेऊन गोमूत्र शिंपडत आणि पाळण्यावर टांगत. धर्म आणि गरज यांनी आपापसात अशी वाट काढली होती.

दवाखान्यातून पत्रं येत. कुणी कंपाउंडर लिहून देई, मी वाचून दाखवी. इंजेक्शनं फार दुखतात, असं एकदा गणपतनं लिहवलं होतं. गोदा म्हणाली, "दुखतेत म्हंजे बरंच हाय." दोन वर्षांनी पत्र आलं की रोग थांबला आहे, त्याच्यापासून कुणाला धोका नाही असा दाखला मिळाला आहे. खाली एकच ओळ: येऊ का? गोदा हत्याराला धार लावत होती. मी थांबलो.

"लिहा, या म्हनाव."

"गावाचं काय लिहू?"

"गावाचं कायले लिहिता? गाव काय पत्र वाचते?"

तो आला. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती, ती दवाखान्यातच राहिली होती. दाखला त्यानं कमरेला बांधून आणला होता, पण तो पाहायला कुणी मागितला नाही. लोक पडवीवरून जाताना पाऊल उचलून टाकत. देशमुख तोवर सरकारी रावसाहेब झाले होते आणि त्यांना कशाचीच काळजी उरली नव्हती, गणपतच्या बाजूनं बोलण्याचीही. आठ दिवस हे असं चाललं. गणपत पडवीच्या आत मागच्या भिंतीशी बसून राही.

नवव्या दिवशी केनवडकडची एक माळीण आली. तिचा भाजीचा मळा होता, बाजाराला येताना तिची टोपली वांग्या-मेथीनं भरलेली असे. तिच्या लेकीला मुलगी झाली होती आणि पाच पोपट सांगून ठेवले होते. ती इतरांसारखी कुंपणापाशी उभी राहिली. मी समोर शाळेच्या पायरीवर होतो. पानवाला, कासार, दोन गाडीवाले, सगळे आपलं काम करत असल्यासारखे पाहत होते.

गोदानं पोपट कुंपणावर ठेवले नाहीत. ती आत वळून ओरडली, "अवो, पोपट द्या त्यायले."

गणपत उठला. पोपटांची दोरी त्याच्या डाव्या हातात होती. तो कुंपणापर्यंत आला आणि त्यानं तो हात तसाच पुढे केला. माळणीनं हाताकडे पाहिलं. मग तिनं टोपली खाली ठेवली, दोरी त्याच्या हातातून घेतली आणि एकेक पोपट उन्हात फिरवून पाहू लागली.

"काहून वो खरादी," ती म्हणाली, "याची चोच काळी काहून हाय? पोपटाची चोच लाल राह्यते."

"लाल लाख सरली व्हती."

"सरली व्हती तं आना. माह्या नातीले काळ्या चोचीचा पोपट नाई चालत."

"उद्या या. लावून ठेवतो."

"उद्या कोन चार कोस येते? आताच करा. मी बसतो अठी."

तिनं पोपट त्याच्या हातात परत दिला, कुंपणाचा आडणा बाजूला सारला, पडवीच्या आत येऊन त्याच्यासमोर भुशावर बसली आणि पदरानं वारा घेऊ लागली.